थडगेफोडे

* थडगेफोडे : थडगी फोडून लुटणारी ही मंडळी निव्वळ कल्पनेतली नाहीत. इजिप्तचा राजा नववा रामसेस याच्या कारकिर्दीच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. १११० च्या सुमारास, थीब्जला अशा लुटारूंवर खटला खरोखरच चालला. आमेनपनुफर या पाथरवटाची जबानी पपायरसवर टिकून आहे : राजा सोबेकेमसाफ आणि राणीच्या शवपेट्यांना आग लावली, सोने आठ जणांत वाटले, प्रत्येकाला २० देबेन. देबेन म्हणजे साधारण ९१ ग्रॅम. एकेकाला पावणेदोन किलोहून जास्त! राजाराणीच्या शवपेट्यांची मात्र राख झाली, ही हानी मला सोन्याहून मोठी वाटते. आपल्या आष्टीच्या विद्यार्थ्यांनाही असा प्राचीन दफनांचा ठेवा दूर नाही : आपल्याच वर्धा जिल्ह्यात खैरवाड्याची महापाषाणयुगीन शिळावर्तुळे आहेत. तिथे जरूर जा. एकही दगड हलवू नका.