किंगपिनखालचे छर्रे

उसाच्या भरणीच्या दिवसांत शिरोळ-कागलकडच्या शिवारात छोटा ट्रॅक्टर चालवणाऱ्याला विचारा, हात कशानं भरून आले? सरळ सरीत त्याला फारसा त्रास नसतो. त्रास होतो तो बांधाजवळ, गाडी वळवून पुढच्या सरीला लावताना. सात-आठशे किलोंचं यंत्र, पॉवर स्टेअरिंग बऱ्याच जणांकडे नाही, आणि वळणं तर दिवसभर संपत नाहीत. असा ट्रॅक्टर कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा गावातल्याच गॅरेजात आला की मेस्त्री आधी टायरातली हवा बघतो, टाय रॉडचे एंड हलवून बघतो, ग्रीस मारतो. तेवढ्यानं भागलं नाही तर जॅक लावून पुढचं चाक काढतो आणि किंगपिन खाली ओढतो.

किंगपिन म्हणजे ती उभी पिन, जिच्याभोवती पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं. एक्सलच्या टोकाच्या नळीत, बुशमध्ये ती फिरते. तिच्या खालच्या खांद्यावर एक्सल टेकलेला असतो. म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या भाराचा निम्मा हिस्सा या एका जागी उतरतो. आणि कमी किमतीच्या अनेक यंत्रांत तिथं असतो फक्त एक साधा पोलादी वॉशर. जुन्या गाडीतून निघालेला वॉशर हातात घेऊन पाहावा. एका बाजूनं पातळ झालेला, अंगावर गोल गोल चरे, आणि ग्रीस व काळी माती मिसळून झालेला एक दाट लेप. त्या लेपात वंगणाचा गुण उरलेला नसतो, तो पॉलिश पेपरचं काम करत असतो.

मेस्त्री तो वॉशर काढतो आणि त्याच्या जागी थ्रस्ट बेअरिंग घालतो. दोन कडक पोलादी चकत्या आणि मध्ये पिंजऱ्यात बसवलेले छर्रे. काही शे रुपयांची वस्तू. पण पोलादावर पोलाद घासायचं ते थांबतं आणि भार छर्ऱ्यांवरून घरंगळू लागतो. ग्रीस असतानाही घासणाऱ्या पोलादाचा घर्षणगुणांक ०.१ च्या आसपास असतो. थ्रस्ट बॉल बेअरिंगमध्ये तो ०.००१३ पर्यंत उतरतो.

काही जण याला जुगाड म्हणतात. मला ते मान्य नाही. या चकतीचं कूळ फार जुनं आणि खानदानी आहे.

फिरत्या वस्तूचं वजन खालून पेलायचं कसं, हा प्रश्न कुंभारानं फार पूर्वी हाताळला. जड चाक त्यानं जमिनीत रोवलेल्या खुंटीच्या टोकावर तोललं. टोक बारीक, म्हणून घर्षण अगदी केंद्राशी राहतं आणि एका झटक्यानं दिलेली गती बराच वेळ टिकते. अडचण येते ती वजन वाढल्यावर. बारीक टोक झिजतं, चेपतं. मग भार रुंद चकतीवर पसरावा लागतो. चकती रुंद केली की घर्षण केंद्रापासून लांब सरकतं आणि फिरवायला जोर जास्त लागतो. भार पेलायचा तर रुंदी हवी, हलकं फिरवायचं तर रुंदी नको. या पेचातून सुटायचं तर मधलं घासणंच घालवायला हवं होतं.

ती वाट रोमन कारागिरांना दिसली होती. इटलीतल्या नेमी सरोवरातून कॅलिगुला बादशहाची जहाजं १९२८ ते १९३२ या काळात पाणी उपसून बाहेर काढली, तेव्हा फिरत्या लाकडी चौथऱ्याचे अवशेष मिळाले. त्यांना काशाच्या गोळ्या होत्या. म्हणजे वजन गोळ्यांवर ठेवून वर काहीतरी फिरवायची युक्ती पहिल्या शतकातली. १४९०च्या दशकातल्या लिओनार्दोच्या वह्यांतही उभ्या आसाखाली गोळे ठेवल्याची चित्रं आहेत. कल्पनेची कमतरता कधीच नव्हती. अडलं होतं ते एकाच मापाचे, खरे गोल, कडक छर्रे हजारोंनी बनवण्यापाशी. एक छर्रा जरी मोठा निघाला तरी सगळा भार त्याच्यावर येतो. जर्मनीत श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशर यांनी १८८३ साली छर्रे घासून गोल करणारं यंत्र उभं केलं, तेव्हा हे कोडं सुटलं. सायकलींना ते लगेच लागू पडलं. सायकलच्या हँडलाखालच्या वाट्या आणि छर्रे आपल्याकडे कुठल्याही सायकल दुकानात पाहायला मिळतात. तेही भार पेलत वळणारं बेअरिंगच, किंगपिनखालच्या चकतीचं सख्खं भावंड.

वळण्याची कथा वेगळ्या वाटेनं आली. दोन चाकांच्या बैलगाडीला स्टेअरिंग लागत नाही. बैल वळले की गाडी वळते. चार चाकांच्या बग्गीत पूर्वी पुढचा सबंध कणाच मधल्या एका पिनेवर फिरे, आणि तीव्र वळणावर गाडी कलंडायची धास्ती असे. म्युनिकचे गाडी बनवणारे गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यांनी प्रत्येक पुढचं चाक आपापल्या पिनेवर वळवलं. १८१८ साली लंडनमध्ये त्यांच्या वतीनं रुडॉल्फ आकरमान यांनी पेटंट घेतलं आणि जगात नाव झालं ते आकरमानचं. कणा जागेवर राहिला, चाकं वळू लागली, आणि गाडीचा भार दोन छोट्या पिनांवर येऊन पडला. आजच्या छोट्या ट्रॅक्टरचं दुखणं तिथून सुरू होतं. ट्रक आणि मोठे ट्रॅक्टर बनवणाऱ्यांनी ते ओळखून किंगपिनजवळ थ्रस्ट बेअरिंग घातली. स्वस्त यंत्रात तीच वस्तू वाचवली जाते.

या कुळाची एक शाखा फार मोठी झाली. ऑस्ट्रेलियातले मिशेल आणि अमेरिकेतले किंग्जबरी या दोघांनी विसाव्या शतकाच्या आरंभी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, किंचित कलणारे तुकडे वापरून असं बेअरिंग बनवलं की ज्यात फिरण्याच्या वेगानंच तेलाचा थर तयार होतो आणि धातूला धातू लागतच नाही. कोयनेच्या पोफळी वीजगृहासारख्या ठिकाणी उभ्या आसाच्या जनित्रांचा प्रचंड भार याच तत्त्वावर पेलला जातो. पण ही युक्ती किंगपिनला उपयोगी नाही. किंगपिन सावकाश, थोड्या कोनापुरती फिरते आणि थांबते. तेलाचा थर धरायला वेगच नसतो.

साध्या वॉशरलाही कमी लेखू नये. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला मेनन बेअरिंग्ज हा कारखाना इंजिनासाठी द्विधातूची बेअरिंग, बुश आणि थ्रस्ट वॉशर बनवतो. क्रँकशाफ्टजवळ दाबानं तेल येतं, तिथं तो वॉशर शोभतो. किंगपिनला मिळतं ते कधीमधी मारलेलं ग्रीस, आणि पाटाच्या पाण्यातला चिखल. जागा बदलली की वस्तूही बदलली पाहिजे, एवढंच. साखर कारखाने आणि ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांवर वाढलेल्या कोल्हापुरात हे हातांना कळतं. लेथवर पिनेचा खांदा सरळ करून घ्यायचा तर चार पावलांवर माणूस असतो.

बसवताना मात्र घाई नको. २५ मिलिमीटर पिनेसाठीचं ५११०५ नंबरचं बेअरिंग ११ मिलिमीटर जाड असतं, वॉशर दोन-तीन मिलिमीटरचा. तेवढी जागा नसेल तर पिनेचं वरचं लॉक बसत नाही, टाय रॉडचा कोन बिघडतो. तिथं सुईसारख्या रोलरचं बेअरिंग घ्यावं: एएक्सके २५४२, दोन पातळ चकत्यांसह अवघं ४ मिलिमीटर. छर्ऱ्यांच्या बेअरिंगच्या दोन चकत्या सारख्या दिसतात, पण एकीचं भोक २५ चं आणि दुसरीचं २६ चं असतं. घट्ट बसणारी खाली पिनेच्या खांद्यावर, सैल वर एक्सलकडे. उलट बसवली तर सैल चकती पिनेवर सरकत राहते आणि बेअरिंग लवकर जातं. बाहेरून रबराची कड द्यावी, नाहीतर चिखल छर्ऱ्यांत शिरतो आणि पहिल्यापेक्षा वाईट गत होते. किंगपिन पुरती फिरत नसल्यानं छर्रे त्याच त्याच पट्ट्यात पुढे-मागे होतात. खड्ड्यांचे दणके बसून तिथं बारीक खळगे पडू शकतात. म्हणून वर्षातून एकदा उघडून चकत्या थोड्या फिरवून ठेवाव्यात.

आणि फायदा कुठं दिसेल तेही नीट सांगायला हवं. उभ्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग फिरवून पाहणाऱ्याची निराशा होईल, कारण तिथं मुख्य विरोध मातीत रुतलेल्या टायरचा असतो. फरक कळतो तो चालत्या गाडीत, सरीच्या टोकाला, हळू वेगात. तिथंच तर शेतकऱ्याचे हात दुखतात. छोटे ट्रॅक्टर बनवणाऱ्यांकडे माझं मागणं साधं आहे: किंगपिनखाली चार मिलिमीटरची जागा आणि एक चांगलं सील कारखान्यातूनच द्या.