सह्याद्रीतील नागली-वरई शेती

सह्याद्रीतील नागली-वरई शेती ही महाराष्ट्रात पश्चिम घाटाच्या डोंगरउतारांवर महादेव कोळी, ठाकर, वारली, कोकणा इत्यादी आदिवासी समाजांकडून केली जाणारी पावसाळी भरडधान्यांची शेती होय. नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा व इगतपुरी, पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले हे तालुके तिच्या प्रमुख क्षेत्रांपैकी आहेत. जेथे भातखाचरे करता येत नाहीत, अशा उतारावरील हलक्या जमिनीला ‘वरकस’ म्हणतात. ही शेती मुख्यतः वरकस जमिनीवर होते.

पद्धत

लागवडीची सुरुवात उन्हाळ्यात ‘राब’ भाजण्याने होते. रोपे तयार करावयाच्या जागेवर शेण, छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर रचून वर बारीक माती पसरतात आणि मृगापूर्वी ते पेटवतात. मातीमुळे आग भडकत नाही, धुमसत राहते. त्यात तणाचे बी जळते व राखेचे खत मिळते. भर पावसात ही रोपे उपटून उतारावर लावतात.

पीकफेर हा या शेतीचा कणा आहे. सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई आणि कस उतरल्यावर तिसऱ्या वर्षी हलक्या जमिनीतही तग धरणारी, तेल देणारी खुरासणी घेतात. त्यानंतर जमीन काही वर्षे पड ठेवली जाते. या काळात गवत व झुडपे वाढून ती सावरते. त्यामुळे केवळ एका हंगामाच्या एकरी उत्पन्नावरून या शेतीचे मोल ठरवणे अपुरे आहे.

अन्नसुरक्षा

१०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हे प्रमाण तांदूळ व गहू यांच्या कितीतरी पट आहे. तिच्या बारीक दाण्याला सहसा कीड लागत नाही. शेणाने सारवलेल्या कणगीत ती अनेक वर्षे टिकते, म्हणून पाऊस फसलेल्या वर्षी मागील साठा कामी येई.

तरीही आषाढ ते भाद्रपद हा काळ टंचाईचाच. जुने धान्य संपलेले आणि नवे शेतात उभे असते. ही उणीव रानभाज्या व कंद भरून काढतात. टाकळा, कुर्डू, शेवळे हे त्यांपैकी काही. शेवळ्याची खाज काकड्याच्या फळांनी मारावी लागते, तर कडू कांद चिरून, राखेच्या पाण्यात उकळून व वारंवार धुऊनच खाण्याजोगा होतो. अल्पभूधारक वा भूमिहीन कातकरी कुटुंबांचा भार या अन्नावर अधिक असतो. शेती व रान दोन्ही आकसल्यावर काय होते, हे १९९२ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी राज्यासमोर आणले.

वनकायदे

१८७८ च्या वन कायद्यानंतर राबासाठी फांद्या छाटण्यावर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषामुळे १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमण्यात आला. त्याच्या अहवालात (१८८७) राब हा एक मुख्य विषय होता. छाटणीने झाडे खुरटतात, हा वनखात्याचा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. परंतु राबाशिवाय रोप कसे धरावे, हा शेतकऱ्यांचा प्रश्नही तितकाच खरा होता.

वनहक्क अधिनियम, २००६ नुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना कमाल चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. येथे मोठी अडचण पड जमिनीची आहे. जी पड जमीन सुपीक ठेवते, तीच पाहणीत ‘न कसलेली’ दिसते. हक्क जाण्याच्या भीतीने दरवर्षी पीक घेतल्यास फेरा मोडतो आणि उतारावरील माती वाहून जाते.

बियाणे व बाजार

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभारली. या कार्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

वरईचे टरफल काढणे कष्टाचे असून कांडणाचे हे काम परंपरेने स्त्रियांकडे आहे. गावात यंत्र नसल्यास वरई न कांडताच व्यापाऱ्याला विकली जाते आणि घरात रेशनचा तांदूळ शिजतो. हीच वरई गिरणीतून निघून शहरांत उपवासाची भगर म्हणून विकली जाते.