बाजार कोणाचा, गल्ला कोणाचा?



स्मृतिव्याख्यानात इतिहास म्हटला की राजवटींचा उदयास्त अपेक्षित असतो. मी आज एका व्यापारी साम्राज्याचा उदयास्त आपल्यापुढे ठेवणार आहे. त्याची राजधानी फिनलंडमध्ये होती आणि त्याची मुद्रा एके काळी आपल्यापैकी अनेकांच्या खिशात होती.

नोकियाचा जन्म १८६५ मध्ये कागदाच्या गिरणीतून झाला. पुढे रबर, विजेच्या तारा असे उद्योग जोडले जात ती दूरध्वनीकडे वळली. १९९८ मध्ये तिने अमेरिकेच्या मोटोरोलाला मागे टाकून मोबाइल फोनच्या बाजारात जगात पहिले स्थान मिळवले. २००३ मध्ये आलेल्या तिच्या ‘११००’ या साध्या फोनला विजेरी होती आणि धुळीला दाद न देणारी कळपट्टी होती. असे २५ कोटींहून अधिक फोन खपले. २००७ च्या अखेरीस जगात विकल्या जाणाऱ्या दर १० फोनांपैकी सुमारे ४ नोकियाचे होते.

येथे दोन संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. बाजारातील हिस्सा म्हणजे एकूण खपलेल्या नगांपैकी आपले नग. नफ्याचे प्रमाण म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीतून सर्व खर्च वजा जाता उरणारी रक्कम. पहिला आकडा दुकानातील गर्दी सांगतो, दुसरा गल्ल्यातील शिल्लक.

जून २००७ मध्ये ॲपलचा आयफोन विक्रीस आला. २००९ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत नोकियाने १० कोटी ८५ लाख फोन विकले, तर ॲपलने अवघे ७४ लाख. तरीही स्ट्रॅटेजी ॲनालिटिक्स या संस्थेच्या अंदाजानुसार त्या तिमाहीत ॲपलला फोनच्या धंद्यात सुमारे १६० कोटी डॉलर नफा झाला आणि नोकियाला ११० कोटी. चौदापट माल विकणाऱ्याच्या गल्ल्यात कमी पैसा पडला!

याचे कारण काय? ॲपलचा फोन महाग होता, आणि यंत्र व त्यातील प्रणाली दोन्ही तिचीच असल्याने तसा फोन दुसऱ्या कोणास विकता येत नव्हता. इतर अनेक उत्पादकांनी २००८ नंतर गूगलची ॲन्ड्रॉइड प्रणाली स्वीकारली. प्रणाली सर्वांची एकच, म्हणून स्पर्धा उरली ती मुख्यतः किमतीची, आणि किमतीच्या स्पर्धेत नफा झिजतो. वरून ॲपल व खालून स्वस्त फोन अशा कात्रीत नोकिया सापडली.

२०१२ मध्ये सॅमसंगने तिचे पहिले स्थान घेतले. एप्रिल २०१४ मध्ये तिचा फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला. चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूर येथे २००६ मध्ये सुरू झालेला तिचा कारखाना, करविषयक वादामुळे त्या व्यवहाराबाहेर राहून, नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. हजारो कामगारांचा रोजगार गेला. त्यांत तरुण मुलींची संख्या मोठी होती. आकड्यांच्या इतिहासाची खरी किंमत मला येथे दिसते. ऱ्हासाची खूण नफ्याच्या रकान्यात पाच वर्षे आधीच उमटली होती. जग मात्र हिस्सा मोजत होते.

तरीही केवळ गल्ल्यावरून नोकियाचे मोल ठरवणे मला न्याय्य वाटत नाही. तिच्या स्वस्त फोनांनी ज्या घरांत दूरध्वनीची तार कधीच पोचली नव्हती, तेथे आवाज पोचवला. या सेवेची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

विद्यार्थिमित्रहो, राज्याचा इतिहास लिहिताना मुलूख आणि खजिना दोन्ही तपासावे लागतात, आणि रयतेच्या पदरात काय पडले हेही पाहावे लागते. कंपन्यांचा इतिहास वाचताना हीच शिस्त आपण पाळावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.