गाडीवाट ते सायकलवाट : लातूर-नांदेडच्या बालाघाटावरील रस्ते

सह्याद्रीपासून हरिश्चंद्रगडाजवळ फुटलेली बालाघाटाची रांग आग्नेयेकडे सुमारे 320 किलोमीटर जाते. बीड, धाराशिव, लातूर, नांदेड असे जिल्हे ओलांडत ती कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवर विरते. हिच्या एका अंगाला गोदावरीचे खोरे, दुसऱ्या अंगाला भीमेचे. मांजरा नदी पाटोद्याजवळ याच डोंगरांत उगम पावते आणि लातूरला वळसा घालून पुढे गोदावरीला मिळते. रांग म्हटली तरी सह्याद्रीसारखे कडे इथे नाहीत. बेसाल्टचे थर एकावर एक पसरलेले, त्यामुळे सपाट माळ, मध्येच एखादा आखूड पण खडा चढ, आणि पुन्हा माळ अशी या प्रदेशाची घडण आहे. नांदेडपेक्षा लातूर अडीचशे मीटरांच्या आसपास उंच आहे. पण दोन्ही शहरांमधल्या सुमारे 140 किलोमीटरच्या रस्त्यात ही उंची तुकड्यातुकड्याने वाटली गेली आहे.

या घडणीनेच इथल्या वाटा ठरवल्या. भरलेल्या बैलगाडीला चढ सोसत नाही, म्हणून गाडीवाट पाणलोटाच्या माथ्यावरून, ओढे टाळत, माळ धरून जायची. पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल चाक धरून ठेवतो, तर मुरमाड माळ लवकर वाळतो, हेही त्याचे एक कारण. बिनगिअरच्या सायकलीची गरज बैलगाडीहून फारशी वेगळी नाही. त्यामुळे या भागातल्या जुन्या गाडीवाटा पुढे सायकलस्वाराच्या पायांना मानवल्या यात नवल नाही.

चाकांची इथली सर्वांत जुनी लेखी नोंद शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची आहे. तेरणाकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर असल्याचे म्हटले आहे आणि तिथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असल्याचे नोंदवले आहे. वाट बिकट असल्याचेही ग्रंथकर्ता सांगून ठेवतो. मराठवाड्याच्या रस्त्यांविषयीची तक्रार एवढी जुनी आहे.

पुढची मोठी वस्ती लातूरची. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत. हे लत्तलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच घराण्याचा दुसरा ठसा कंधारला आहे. मान्याड नदीच्या खोऱ्यातल्या या गावाचे नाव राष्ट्रकूटांच्या बिरुदांत कंधारपुर असे येते. तिथले जगत्तुंग सागर हे जलाशयाचे नावही त्यांच्याच काळाची आठवण देते. कंधारात सापडलेल्या क्षेत्रपालाच्या मूर्तीचे केवळ पावलांचे अवशेष पाहिले, तरी मूळ मूर्ती केवढी प्रचंड असेल याचा अंदाज येतो.

औसा आणि निलंगा यांच्या दरम्यान खरोशाच्या टेकडीत सुमारे सहाव्या शतकातली लेणी आहेत. ती बेसाल्टात नव्हे, जांभ्यात कोरलेली आहेत. जांभा कोरायला सोपा असतो आणि झिजतोही लवकर, म्हणून शिवाच्या, विष्णूच्या आणि जैन मूर्तींचे चेहरे आज पुसट झाले आहेत. निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर बाराव्या शतकाच्या सुमाराचे. तीन गाभारे, ताऱ्याच्या आकाराचे तळविधान आणि बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरींची रांग असे हे चालुक्य शैलीचे काम अजून चांगले टिकून आहे. देगलूरजवळच्या होट्टलला तर एकाच खेड्यात त्याच शैलीची अनेक मंदिरे आणि शिलालेख आहेत. आज ही गावे आडवाटेला वाटतात. पण एवढी दगडी कामे करायला लागणारी माणसे, धान्य आणि दान ज्या वाटांनी आले, त्या वाटा त्या काळी चालुक्यांच्या कल्याणी या राजधानीशी जोडलेल्या होत्या. आडवाटा ठरल्या त्या नंतर, राजधानी हलल्यावर.

बहमनींनी पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून बीदरला राजधानी नेली आणि औसा, उदगीर, कंधार या ठाण्यांचे महत्त्व वाढले. तिन्ही किल्ले भुईकोट आहेत. औसा आणि कंधारला डोंगराचा आधार नाही. दुहेरी तट आणि खोल खंदक हाच त्यांचा बचाव. सपाटीवर किल्ले बांधायचे कारण रस्त्यांत आहे. तोफा बैलांनी ओढायच्या, दाणागोटा गाड्यांवर यायचा, तेव्हा जिथून गाडी जाते तिथेच पहारा हवा. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने औशाला अंबरापूर असे नाव दिले होते. 1631 मध्ये कंधार आणि 1636 मध्ये उदगीर व औसा मोगलांकडे गेले.

या वाटांवरची सर्वांत गाजलेली मोहीम 1760 ची. सदाशिवरावभाऊंच्या फौजेने हैदराबादच्या निजामाला उदगीर-औसा पट्ट्यात घेरले. निजामाला धारूरच्या किल्ल्याकडे सरकायचे होते, पण जड तोफखान्याने त्याची चाल मंदावली. मराठ्यांकडे चपळ घोडदळाबरोबर इब्राहिमखान गारदीच्या तोफाही होत्या. 3 फेब्रुवारीच्या लढाईनंतर निजामाने सुमारे साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख सोडला. पुढच्याच वर्षी पानिपत झाले आणि उदगीरचा विजय लोकांच्या स्मरणात मागे पडला. मराठवाडा मात्र 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानातच राहिला.

संस्थानी काळात रेल्वेने जुन्या वाटांची उतरंड बदलली. मनमाड-हैदराबाद मार्गामुळे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नांदेड रुळावर आले. लातूरला 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोहोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची ही अडीच फुटी रुंदीची छोटी गाडी होती. तिने लातूरची बाजारपेठ उभी केली. औसा, कंधार, निलंगा मात्र रुळांपासून दूर राहिले, आणि त्यांच्या वेशीपर्यंतचा प्रवास पुन्हा बैलगाडीवर, पुढे एसटीवर आणि सायकलवर येऊन थांबला.

सायकल आधी आली ती विलायती, शहरातल्या वकील-अंमलदारांसाठी. खेड्यात ती पोहोचली स्वातंत्र्यानंतर. हर्क्युलस, ॲटलस आणि 1956 पासून हिरो या कारखान्यांनी ती शिक्षक, पोस्टमन आणि दूधवाल्याच्या आवाक्यात आणली. बाजाराच्या गावी तासाच्या भाड्याने सायकल मिळे. उंची न पुरणारी पोरे नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकत. कॅरियरवर दुधाचे कॅन, हँडलला पिशव्या, नळीवर पोर, आणि चढ आला की उतरून ढकलायचे, हीच या भागातली सायकलिंगची खरी परंपरा. तिला कुणी खेळ म्हटले नाही, म्हणून तिची नोंदही कुठे झाली नाही. मानव विकास कार्यक्रमातून शाळेतल्या मुलींना सायकली मिळू लागल्या, तेव्हा तीच परंपरा पुढच्या पिढीत गेली.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने औसा, उमरगा भागातल्या गावांचे रूपच पालटले. जाड दगडी भिंती, मातीचा गारा आणि वर मातीचे जड माळवद अशा घरांनी हजारो माणसे गाडली. नंतर 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली. या भागातून जाणाऱ्याला म्हणूनच दोन तऱ्हेची गावे भेटतात : वेस, पार, गढी आणि बोळ असलेली जुनी, आणि रुंद सरळ रस्त्यांच्या चौकटीत बसवलेली नवी. नव्या गावात घर सुरक्षित आहे, पण शेजार विस्कटला, असे गावकरी अजून बोलतात, आणि त्यात तथ्य आहे.

द्राक्षबागा ही या साऱ्यातली सर्वांत अलीकडची गोष्ट. दख्खनला द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांची नोंद केली आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबादच्या बागांत अनाब-ए-शाही हे वाण आले. बालाघाटावर मात्र व्यापारी बागा आल्या त्या बिनबियांच्या वाणांबरोबर. थॉम्पसन सीडलेस 1960 च्या दशकात महाराष्ट्रात रुजले. सोलापूरजवळच्या नान्नजचे शेतकरी नानासाहेब काळे यांनी निवडलेले सोनाका आणि नंतरचे शरद सीडलेस ही वाणे मराठवाड्यातही गेली. औसा तालुक्याच्या निचऱ्याच्या, मुरमाड जमिनीला ती मानवली. इथले द्राक्ष खाण्यासाठी जाते. वाइनचा उद्योग नाशिककडेच राहिला. फ्रान्स-इटलीत द्राक्षमळ्यांमधून सायकलवर फिरणारा पाहुणा वाटेत वाइनघरात थांबतो, इथे तो फार तर बागेच्या बांधावर थांबेल.

या बागांना पाऊस आणि त्याचा अभाव दोन्ही भोवले. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने काढणीला आलेले घड झोडपले. त्यानंतरच्या दुष्काळात पाणी इतके आटले, की एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले.

आज तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा असा नांदेडला जाणारा 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग रुंद आणि वेगवान आहे. सायकलला तो सोयीचा नाही. तिला बरा पडतो जुना वळणावळणाचा मार्ग : लातूरहून 20 किलोमीटरवर औसा, मग खरोसा, निलंगा, देवणी, उदगीर, तिथून मुखेड आणि कंधार. होट्टल पाहायचे तर उदगीरहून देगलूरकडे वळावे लागते. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत हा रस्ता सुखाचा. द्राक्षे पिकतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा पहाटे निघून अकराच्या आत चढ संपवावे लागतात.