इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या आईला पाळणाघराचा खर्च सरकार देतं: चाइल्डकेअर ग्रँटची माहिती

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची एक माजी विद्यार्थिनी घरी भेटायला आली होती. मूळची रायगड जिल्ह्यातली, बारावीला चांगल्या मार्कांनी पास झालेली. निकाहनंतर नवऱ्याबरोबर इंग्लंडला गेली, आता दोन मुलांची अम्मी आहे. म्हणाली, "मॅडम, मला तुमच्यासारखं शिक्षिका व्हायचंय. पण नर्सरीची फी ऐकूनच घरात विषय बंद झाला. शिवाय सासरे म्हणतात, व्याजाचं कर्ज काढून शिकायचं नाही." आम्ही तिला विचारलं, चाइल्डकेअर ग्रँटसाठी अर्ज केलास का? तिने हे नावच ऐकलं नव्हतं.

तिची गोष्ट एकटीची नाही. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी कुटुंबांच्या लेकी-सुना आज इंग्लंडमध्ये आहेत. मूल झालं की शिक्षण संपलं, असं त्यांनी आणि घरच्यांनी गृहीत धरलेलं असतं. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत. खालचे आकडे २०२५-२६ या शैक्षणिक वर्षाचे आहेत. ते दरवर्षी बदलतात, तेव्हा अर्ज करण्याआधी ब्रिटिश सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा पाहून घ्यावं.

ही ग्रँट म्हणजे काय?

पूर्ण वेळ उच्च शिक्षण घेणाऱ्या आई किंवा वडिलांना मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी मिळणारं हे सरकारी अनुदान आहे. ते 'स्टुडंट फायनान्स इंग्लंड' या सरकारी यंत्रणेकडून मिळतं. हे पैसे परत करायचे नसतात आणि त्यावर व्याज नसतं. फक्त आईलाच मिळतं असंही नाही. नवरा शिकत असेल तर तोही अर्ज करू शकतो.

किती मिळतं?

पाळणाघराच्या खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत. पण त्याला आठवड्याची कमाल मर्यादा आहे:

- एका मुलासाठी: १९९.६२ पौंड
- दोन किंवा जास्त मुलांसाठी: ३४२.२४ पौंड

हिशेब करून पाहू. एका मुलाचं नर्सरीचं बिल आठवड्याला २०० पौंड असेल, तर ८५ टक्के म्हणजे १७० पौंड सरकार देईल आणि ३० पौंड घरातून जातील. पण बिल ३०० पौंड असेल, तर ८५ टक्के होतात २५५, आणि मर्यादा १९९.६२ ची आहे. म्हणजे १०० पौंडांहून थोडे जास्त घरातून भरावे लागतील. म्हणून नर्सरी ठरवण्याआधी हा हिशेब कागदावर मांडावा.

ही कमाल रक्कम आहे, प्रत्येकाला एवढी मिळेलच असं नाही. नेमकी रक्कम घरच्या उत्पन्नावर आणि मुलांच्या संख्येवर ठरते. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेलं तर ग्रँट मिळत नाही. विवाहित विद्यार्थिनीच्या बाबतीत नवऱ्याचं उत्पन्न धरतात, आई-वडिलांचं नाही. हे उत्पन्न साधारण दोन वर्षांपूर्वीच्या कर-वर्षाचं पाहतात. मधल्या काळात नोकरी गेली किंवा धंदा बसला आणि उत्पन्न १५ टक्के किंवा त्याहून जास्त घटलं, तर चालू वर्षाचं उत्पन्न धरा अशी विनंती करता येते.

याच्या जोडीला 'पेरेंट्स लर्निंग अलाउन्स' नावाचा भत्ता आहे. पुस्तकं, प्रवास असा अभ्यासाचा खर्च त्यातून भागवायचा. वर्षाला ५० ते २,०२४ पौंड, तोही उत्पन्नावर अवलंबून, आणि तोही परत करायचा नाही. हा भत्ता वर्षात तीन हप्त्यांत थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतो.

कोणाला मिळते?

- पूर्ण वेळ शिकणारे. अर्धवेळ अभ्यासक्रमाला ही ग्रँट नाही.
- पदवीचा अभ्यासक्रम, किंवा शिक्षक होण्यासाठीचा पूर्ण वेळ पीजीसीई. हा साधारण आपल्या बीएडसारखा. मास्टर्ससाठी पोस्टग्रॅज्युएट लोन घेणाऱ्यांना मिळत नाही.
- मूल १५ वर्षांखालचं हवं. विशेष शैक्षणिक गरजा असलेलं मूल असेल तर १७ वर्षांखालचं.
- मूल आर्थिकदृष्ट्या तुमच्यावर अवलंबून हवं.
- पाळणाघर किंवा चाइल्डमाइंडर 'ऑफस्टेड' या सरकारी तपासणी संस्थेकडे नोंदलेला हवा.
- तुम्ही किंवा जोडीदार युनिव्हर्सल क्रेडिट किंवा टॅक्स-फ्री चाइल्डकेअर घेत नसावा. म्हणजे दोन्हीकडून मदत घेता येत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट चालू असेल तर ते सोडण्याआधी कुठे जास्त फायदा आहे ते विद्यापीठाच्या सल्लागाराबरोबर बसून तपासावं.

व्हिसाचा प्रश्न

आपल्याकडच्या सुनांची गाडी बहुतेक इथेच अडते. नवऱ्याच्या नात्याने स्पाउस व्हिसावर नुकत्याच गेलेल्या मुलीला ही ग्रँट मिळत नाही. आधी कायम राहण्याची परवानगी मिळावी लागते, आणि सध्याच्या नियमाप्रमाणे स्पाउस व्हिसावर साधारण ५ वर्षं काढल्यावर ती मागता येते. शिवाय अभ्यासक्रम सुरू होण्याआधीची ३ वर्षं तिथला सलग रहिवास लागतो.

हा ३ वर्षांचा नियम ब्रिटिश पासपोर्टवाल्यांनाही आहे. ब्रिटिश नागरिक असूनही कुटुंब नोकरीसाठी दुबई-कुवेतला राहत होतं आणि आताच परतलं, अशी घरं आपल्या लोकांत आहेत. त्यांनी रहिवासाचं प्रकरण आधी तपासून घ्यावं.

भारतातून स्टुडंट व्हिसावर जाणाऱ्यांना ही ग्रँट नाही. उलट जानेवारी २०२४ पासून, संशोधनाच्या पदव्या आणि सरकारी शिष्यवृत्तीवरचे अभ्यासक्रम सोडले, तर स्टुडंट व्हिसावर नवरा-बायको-मुलांना सोबत नेता येत नाही. "तिकडे गेल्यावर सरकार मुलांचं बघतं" असं सांगून पैसे उकळणाऱ्या एजंटांपासून सावध राहावं.

अर्ज कसा करायचा?

१. स्टुडंट फायनान्सचा मुख्य अर्ज ऑनलाइन भरायचा. त्यातच 'मुलं आहेत' हे सांगून चाइल्डकेअर ग्रँट मागायची.

२. नवऱ्याने स्वतःच्या ऑनलाइन खात्यातून आपल्या उत्पन्नाची माहिती द्यायची. "बायकोच्या फॉर्मवर माझा पगार कशाला?" असं म्हणून हे राहिलं की अर्ज तिथेच थांबतो.

३. मुलांचे जन्मदाखले आणि पाळणाघराच्या खर्चाचा अंदाज द्यायचा.

४. मंजुरी आली की ग्रँटसाठीचं वेगळं ऑनलाइन खातं उघडायचं. पाळणाघर त्या खात्यावर बिल पाठवतं, तुम्ही ते बघून मंजूर करायचं, मग पैसे थेट पाळणाघराला जातात. ग्रँटची रक्कम तुमच्या हातात येत नाही.

शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर ९ महिन्यांपर्यंत अर्ज घेतात, पण उशीर केला तर तोवर बिलं खिशातून भरावी लागतात. आणि अर्ज दरवर्षी नव्याने करायचा असतो.

नेहमी होणाऱ्या चुका

सासू, नणंद किंवा शेजारची खाला मूल सांभाळते, तिला पैसे मिळतील का, हा प्रश्न हमखास येतो. मूल तुमच्या घरात सांभाळायचं असेल तर सांभाळणारी व्यक्ती नातेवाईक चालत नाही, आणि तिची योग्य संस्थेकडे नोंदणीही लागते. नोंदणी नसलेल्या शेजारणीचं बिल मंजूर होत नाही. खोटी बिलं तर मुळीच लावू नयेत. जास्तीचे पैसे वसूल होतात, आणि दुनियेतली वसुली चुकली तरी ती कमाई हलालची नाही.

दुसरी चूक म्हणजे बदल न कळवणं. मुलाचे तास कमी केले, नर्सरी बदलली, कॉलेज सोडलं तर लगेच कळवावं.

तिसरी, मोफत तासांचा विचार न करणं. इंग्लंडमध्ये ३ आणि ४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला वर्षातले ३८ आठवडे, आठवड्याला १५ तास मोफत मिळतात. ३० तासांची सवलत मात्र नोकरी करणाऱ्या पालकांसाठी आहे, नुसतं शिकणाऱ्या आईला सहसा लागू होत नाही. आधी मोफत तास वापरावेत, उरलेल्या खर्चासाठी ग्रँट घ्यावी.

व्याजाचं काय?

आमच्या विद्यार्थिनीच्या सासऱ्यांचा आक्षेप मनापासूनचा होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिथलं विद्यार्थी-कर्ज महागाईच्या निर्देशांकाला बांधलेल्या व्याजाचं आहे. ते घ्यावं की नाही, याबद्दल तिथल्या उलमांमध्ये मतभेद आहेत. रिबाच्या अडचणीमुळे मुस्लिम मुलं मागे राहतात हे सरकारनेही मान्य केलं आहे. २०१४ मध्ये बिनव्याजी पर्यायावर लोकांची मतं मागवली, २०१७ च्या कायद्यात तशी तरतूद झाली, पण योजना अजून प्रत्यक्षात आलेली नाही.

मात्र कर्ज आणि ग्रँट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टुडंट फायनान्सचा अर्ज करताना फीचं कर्ज नको, खर्चाचं कर्ज नको, असं सांगून फक्त चाइल्डकेअर ग्रँट आणि पेरेंट्स लर्निंग अलाउन्स मागता येतात. ग्रँटला 'स्टुडंट फायनान्ससाठी पात्र असणं' पुरेसं आहे, कर्ज उचललंच पाहिजे असं नाही. अर्थात मग फी स्वतः भरावी लागते आणि ती वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत आहे, हेही लपवून चालणार नाही. कर्जाबद्दलचा निर्णय आपल्या भरवशाच्या मुफ्तींना विचारून घ्यावा. पण "सगळं व्याजाचंच असतं" म्हणून ग्रँटही सोडून देणं म्हणजे हक्काचं घरी न आणणं.

वय २० पेक्षा कमी असेल तर

कमी वयात आई झालेल्या आणि तिथल्या शाळेत, सिक्स्थ फॉर्ममध्ये किंवा कॉलेजात शिकणाऱ्या मुलींसाठी 'केअर टू लर्न' ही वेगळी योजना आहे. अभ्यासक्रम सुरू होताना वय २० च्या खाली हवं. आठवड्याला एका मुलामागे १८० पौंडांपर्यंत, लंडनमध्ये १९५ पौंडांपर्यंत मिळतात आणि तेही थेट पाळणाघराला जातात. २० वर्षांवरच्यांनी कॉलेजच्या विद्यार्थी-मदत विभागात विचारावं. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

आणि आपल्याकडे?

विद्यार्थिनीच्या नावाने पाळणाघराचं बिल भरणारी अशी योजना आपल्याकडे नाही. पण हात अगदीच रिकामे नाहीत. केंद्राच्या 'पाळणा' योजनेतल्या पाळणाघरांत ६ महिने ते ६ वर्षांची मुलं ठेवता येतात आणि आई नोकरीलाच असली पाहिजे अशी अट नाही. आपल्या भागात असं केंद्र आहे का, हे अंगणवाडीताईंना विचारावं. विद्यार्थिनींना बाळंतपणाची रजा, हजेरीत सवलत आणि परीक्षा फॉर्मला मुदतवाढ देण्याचे नियम करा, असं पत्र यूजीसीने डिसेंबर २०२१ मध्ये सर्व विद्यापीठांना पाठवलं आहे. पीएचडी करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत रजा आहे. कॉलेजात अर्ज देताना या गोष्टींचा उल्लेख करावा.

आमची विद्यार्थिनी जाताना हे सगळे मुद्दे वहीच्या पानावर लिहून घेऊन गेली. तिच्याकडे तिथली कायमची परवानगी आहे, रहिवास पुरा आहे, धाकटं मूल ३ वर्षांचं आहे. म्हणजे तिला अडवणारा नियम आम्हाला तरी दिसला नाही. घरात पुन्हा विषय काढायचा, आधी सासऱ्यांना ग्रँट आणि कर्जातला फरक समजावायचा, असं तिने ठरवलं आहे. तुमच्याही ओळखीत तिथे अशी कोणी लेक-सून असेल तर तिला आणि तिच्या घरच्या मोठ्यांना, दोघांनाही हे वाचायला द्या. अल्लाह आपल्या लेकींच्या इल्ममध्ये बरकत देवो.