सॉलोमन बेटांवरील सापसुरळी

सिंसिडी कुलातील वृक्षवासी सापसुरळी. शास्त्रीय नाव कोरुशिया झेब्राटा. कोरुशिया प्रजातीत ही एकच जाती आहे. पॅसिफिक महासागरातील सॉलोमन द्वीपसमूहाबाहेर ती कोठेही आढळत नाही. याच द्वीपमालेतील बूगनव्हिल व बुका ही बेटे राजकीय दृष्ट्या पापुआ न्यू गिनीत मोडतात. तेथील सापसुरळी वेगळी उपजाती मानतात. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८५५ मध्ये या जातीचे वर्णन केले.

हयात सापसुरळ्यांत हीच सर्वांत मोठी. लांबी ८० सेंमी.पर्यंत भरते आणि त्यात निम्म्याहून अधिक शेपटीच असते. आपल्याकडची सापसुरळी संकटात शेपटी टाकून पळते. ही मात्र शेपटीच्या बळावर जगते. जाड, गोल शेपटीचा विळखा फांदीला घालून, बाकदार नख्या सालीत रोवत ती उंच झाडांच्या शेंड्यांत फिरते. म्हणून तिला वानरशेपटी असेही म्हणतात. दिवसा ढोलीत किंवा पानांच्या दाटीत पडून राहायचे आणि संधिप्रकाशात बाहेर पडायचे, हा तिचा क्रम.

बहुतेक सापसुरळ्या किडे खातात, ही पाला खाते. घराघरांत दिसणाऱ्या मनीप्लांटच्या प्रजातीतील एक रानवेल तिच्या आवडीची. या वेली अळूच्या कुळातल्या; त्यांच्या पानांतील कॅल्शियम ऑक्झॅलेटचे टोकदार स्फटिक माणसाच्या घशाला खाजवतात, तिला ते बाधत नाहीत. नवजात पिल्ले प्रौढांची विष्ठा खातात. पाला पचवणारे सूक्ष्मजीव त्यांच्या पोटात जातात ते असे.

तिच्या जीवनक्रमातील सर्वांत विलक्षण भाग अपत्यसंगोपनाचा आहे. मादी अंडी घालत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या गर्भकाळानंतर बहुधा एकच पिल्लू जन्मते आणि ते आईच्या सुमारे एक तृतीयांश लांबीचे असते. गर्भाचे पोषण वारेतून होते. ही सापसुरळी कळपाने राहते आणि पिल्लू कित्येक महिने त्या कळपातच वाढते. त्याच्याजवळ कोणी आले, की मादी चावून प्रतिकार करते. सरपटणाऱ्या प्राण्यांत अशी माया विरळाच.

इतक्या संथ प्रजननामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. स्थानिक लोक ती खातात. पाळीव प्राणी म्हणूनही तिची मोठी निर्यात झाली. १९९२ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाल्यावर या व्यापारावर नियंत्रण आले. लाकूडतोड हा मात्र अजूनही मोठा धोका आहे. तिच्या रक्षणासाठी व्यापारावरील नियंत्रणापेक्षाही जुनी, उंच झाडे उभी राहणे अधिक गरजेचे आहे.