साडेत्रेसष्ट अंश

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि गरिबाच्या खोलीत उजेड किती येतो, हा प्रश्न सरकारदरबारी मोजपट्टी घेऊन पोहोचला. ट्रस्टने पुढे केलेल्या नियमांत एक कोन होता : साडेत्रेसष्ट अंश. खोलीच्या तळातून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहताना नजर याहून वर करावी लागू नये. शाळेतली त्रिकोणमिती आठवत असेल तर हिशेब सोपा आहे. मध्ये जेवढी मोकळी जागा, तिच्या दुपटीहून समोरची भिंत उंच नको. प्लेगचे मूळ कोंदट हवेत नसून उंदरांवरच्या पिसवांत होते, हे नंतर सर्वमान्य झाले. कारण चुकले होते, नियम मात्र चांगला निघाला. या विषयात असे घडते. कारण अगदी बरोबर आणि नियम मात्र घातक, असेही घडते. त्याची उदाहरणे पुढे येतीलच.

सार्वजनिक गृहनिर्माणाचा पर्यावरणाच्या अंगाने अभ्यास करू पाहणाऱ्या वाचकाचे या प्रस्तावनेत मनापासून स्वागत आहे. तो वास्तुशास्त्राचा असो, अर्थशास्त्राचा, की ग्रामपंचायतीत घरकुलांच्या याद्या हाताळणारा असो. यादी हाताळणाऱ्याचे जरा जास्तच स्वागत, कारण त्याला ठाऊक असलेल्या निम्म्या गोष्टी पुस्तकांत आलेल्या नाहीत. ‘हरित घर’ म्हटले की गच्चीवरचे सोलर पॅनेल आणि प्रवेशद्वाराजवळची चार झाडे डोळ्यांसमोर येतात. ते चित्र तूर्त बाजूला ठेवावे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : शासन घर मोजते ते चावी देण्याच्या दिवशी, पर्यावरणाचा हिशेब सुरू होतो दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि त्याचे बिल राहणाऱ्याच्या नावावर निघते.

हे बिल नेहमी विजेचेच असते असे नाही. मुंबईत गोवंडीतली नटवर पारेख कंपाउंड ही प्रकल्पग्रस्तांसाठी उभारलेली वसाहत पाहा. तळमजला आणि वर सात मजले, आणि दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर. मजल्याला तीन मीटर धरले तर उंची चोवीस मीटर होते, म्हणजे मोकळ्या जागेच्या आठपट. ट्रस्टचा कोन इथे लावला तर तो त्र्याऐंशी अंशांवर जातो. खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवे लागलेले असतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महापालिकेच्या एम-पूर्व विभागातल्या, नटवर पारेखसह तीन पुनर्वसन वसाहती तपासल्या गेल्या. जिथे इमारती दाटीने उभ्या आहेत आणि ऊन-वारा आत येत नाही, तिथे क्षयरोगाचे प्रमाण लक्षणीय जास्त आढळले. त्याच विभागातल्या, मोकळी जागा राखलेल्या पीएमजीपी वसाहतीत ते कमी होते. झोपडीतून पक्क्या घरात नेणे हे कारण निर्विवाद बरोबर होते. पण अंतराचा नियम शिथिल झाला, कारण एफएसआयचे (चटईक्षेत्र निर्देशांकाचे) गणित त्याशिवाय बसत नव्हते. वाचलेल्या जागेची किंमत औषधांच्या दुकानात चुकती झाली.

खेड्यातले उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागातल्या भूकंपात माणसे मेली ती मुख्यतः माळवदांखाली. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांत दोन्ही बाजू सांधणारे लांब दगड नाहीत, आणि छतावर वर्षानुवर्षे थरावर थर चढवलेली पांढरी माती. त्यानंतर दगडाचीच दहशत बसली, आणि ती बसणारच होती. बावन्न गावे नव्या जागी उभारली गेली. रुंद सरळ रस्ते, रांगेतली घरे, काँक्रीटचे छत, पातळ भिंती. भूकंपाच्या दृष्टीने ही घरे सुरक्षित झाली. पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात माळवदाखाली जो गारवा असे, तो गेला. वाडा, ओसरी, बैलांची जागा, कडबा ठेवायची सोय या कशालाच नव्या आराखड्यात ठिकाण उरले नाही. जाड भिंत ठेवून ती भूकंपाला टिकेल अशी बांधता येते. योग्य अंतरावर आरपार दगड घालायचे आणि वर सलग पट्टा बांधायचा. हे तंत्र तेव्हाही ज्ञात होते आणि त्याच भागात जुनी घरे मजबूत करण्यासाठी सुचवलेही गेले होते. परंतु संकटानंतर माणूस सर्वांत आधी जुने साहित्य टाकून देतो, आणि शासनाला तर ते सोयीचेच असते. एकच नकाशा बावन्न ठिकाणी चालतो.

आता सिमेंट. एक टन सिमेंट तयार होताना साधारण सहाशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला निम्म्याहून अधिक इंधनाचा नसून भाजल्या जाणाऱ्या चुनखडीतूनच निघतो. त्यामुळे इमारत किती वर्षे टिकते हा पर्यावरणाचा प्रश्न ठरतो. १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. त्या तुरुंगासारख्या आहेत असे तेव्हा म्हटले गेले. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा खरोखरीच तुरुंग झाला. तरीही शंभर वर्षे त्या राबल्या आणि आपले सिमेंट त्यांनी चार पिढ्यांत वाटून टाकले. आज त्यांच्या जागी मनोरे उभे राहत आहेत आणि रहिवाशांना पाचशे चौरस फुटांची घरे मिळत आहेत. १६० फुटांत जन्म काढलेल्या माणसापुढे कार्बनचा तक्ता धरून नाक मुरडणारा अभ्यासक मला पटत नाही. प्रश्न पुढचा आहे. लिफ्ट, पाण्याचे पंप, आग विझवण्याची यंत्रणा हे सारे रोज वीज खाणार. दहा-वीस वर्षांनी मेंटेनन्सची रक्कम पगाराच्या मानाने कुठे असेल, याचा अंदाज कोणत्या मंजुरीपत्रात असतो?

नियम अजिबात नाहीत असे नव्हे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये, अशी मर्यादा तिने घातली. छतासाठी वेगळी अट आहे. राजकोटमध्ये भारत-स्वित्झर्लंड सहकार्यातून ‘स्मार्ट घर-३’ हा पंतप्रधान आवास योजनेतला प्रकल्प झाला. पूर्ण उघडणाऱ्या, काच कमी असलेल्या खिडक्या आणि हवा खेळती ठेवणारे डक्ट अशा साध्या उपायांनी खोल्या थंड ठेवता येतात, हे त्यात दिसले. पण संहितेतला एक आकडा वाचकाने लक्षात ठेवावा. ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींसाठी लिहिली गेली. ग्रामीण आवास योजनेतले घरकुल किमान २५ चौरस मीटरचे असते, स्वयंपाकाची जागा धरून. देशात शासकीय मदतीने सर्वांत जास्त संख्येने बांधले जाणारे हे घर, त्याचा भूखंडही लहानच असल्याने, सहसा तिच्या कक्षेत येतच नाही. त्याला सपाट प्रदेशात योजनेतून १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य मिळते, हप्त्याहप्त्याने. जोते, लिंटल, छत अशा पायऱ्या दाखवाव्या, फोटो काढावा, पुढचा हप्ता घ्यावा. जोते दिसते, छत दिसते, फोटोत सावली मात्र मोजत नाहीत. आढ्याखालची उंची, समोरासमोरच्या खिडक्या, पश्चिमेची भिंत झाकणारा पडवीचा उतार किंवा छतावर चुन्याचा पांढरा हात, यांपैकी एकही गोष्ट हप्त्याला बांधलेली नाही. बांधली तर फार खर्च येईल असेही नाही. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत स्वस्त सुधारणा हीच आहे, आणि तिच्यावर सर्वांत कमी लिहिले गेले आहे.

नव्या अभ्यासकाने कुठून सुरुवात करावी, असे विचारले जाते. शासननिर्णय वाचावेत, नकाशे वाचावेत, संहिताही वाचावी. पण त्याआधी एप्रिल-मे मधल्या एखाद्या दुपारी दोन वाजता जवळच्या घरकुलात किंवा पुनर्वसन इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, घरच्यांची परवानगी घेऊन, तासभर बसावे. सोबत साधा तापमापक न्यावा. त्या वेळी घरात कोण आहे, कोण बाहेर झाडाखाली खाट टाकून आहे आणि दिवा लागलेला आहे का, एवढे टिपून आणावे. मग पुढचे पान उलटावे.